पंजीच्या जोडीवर कॉल मारणारा माणूस

पत्र: आठ महिने ऑनलाइन पोकर खेळतोय. नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन पानं, मधली पाच सगळ्यांची, पैसे हवे तेवढे लावा), सहा जणांचं टेबल, सगळ्यात खालची पातळी. १४,००० डाव झाले आणि नऊ बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची पूर्ण रक्कम) गेले. शक्यतांचं गणित मला येतं, व्हिडिओही भरपूर पाहिलेत. तरी हरतो, कारण समोरच्यांना खेळताच येत नाही. काहीही घेऊन कॉल मारतात, म्हणजे मी लावले तेवढे पैसे भरतात, आणि रिव्हरला (शेवटच्या, पाचव्या पानावर) त्यांचंच पान येतं. गेल्या आठवड्यातले तीन डाव सांगतो. एक : पहिल्या खुर्चीवरून रेझ (रक्कम वाढवणं) आली, मी एक्का-नव्वीवर कॉल मारला, फ्लॉपवर (मधल्या पहिल्या तीन पानांत) एक्का आला, शेवटपर्यंत पैसे भरले, समोर निघाले एक्का-राणी. दोन : माझ्याकडे दोन राजे होते. गिऱ्हाईक पळू नये म्हणून कमीत कमी रेझ केली, चार जण आत आले. फ्लॉप अठ्ठी-सत्ती-चौकी, त्यात दोन बदाम. पाव पॉट (मधे जमलेल्या पैशांचा पाव भाग) लावला. अठ्ठी-सत्तीवाल्याने सगळं नेलं. तीन : फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) लागला नाही, पण फ्लॉप, टर्न (चौथं पान), रिव्हर तिन्ही वेळा जोरात पैसे लावले आणि त्या गृहस्थाने पंजीच्या जोडीवर कॉल मारला. पंजीच्या! सॉफ्टवेअर म्हणतं की मी शंभरातले ३८ डाव खेळतो आणि ९ वेळा रेझ करतो. एक पातळी वर जाऊ का? तिथे लोक रेझला मान देतात म्हणे. पत्ते पिसण्यात काही गडबड असते का? आणि नियमित जिंकायला किती वेळ लागेल?
— रिव्हरवर बुडालेला

उत्तर: प्रिय बुडालेले,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पंजीपाशी थांबलो. राग किती खरा आहे ते उद्गारचिन्हातून कळतं. मीही खालच्या टेबलांवर बरीच वर्षं काढली आहेत आणि सुरुवातीला हाच राग घेऊन बसायचो. पण एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खालच्या पातळीवर जिंकणाऱ्याचा जवळजवळ सगळा पैसा एकाच ठिकाणाहून येतो : जिथे पत्ते टाकायला हवेत तिथे समोरचा कॉल मारतो, तिथून. ज्याच्यावर तुम्ही चिडला आहात ते तुमचं उत्पन्न आहे. फक्त तुम्ही त्याच्यापुढे चुकीच्या पत्त्यांनी उभे राहताय.

तिसऱ्या डावापासून सुरू करू, कारण दुखणं तिथे जास्त आहे. पॉटएवढा ब्लफ फायद्यात पडायला तो निम्म्या वेळा तरी चालायला हवा. अर्ध्या पॉटचा असेल तर तीनात एकदा. म्हणजे ब्लफ करताना खरा प्रश्न तुमच्या धाडसाचा नसतोच. हा माणूस पत्ते टाकेल का, एवढाच असतो. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये ख्रिस मनीमेकर (आडनाव खरोखरच तेच) शेवटच्या दोघांत होता. हातात राजा-सत्ती, काहीही न जुळलेलं, आणि रिव्हरला त्याने सगळे चिप्स पुढे ढकलले. समोर सॅम फारहा. त्याच्याकडे नव्वीची जोडी होती आणि टेबलावर नव्वीपेक्षा मोठं पान नव्हतं. फारहाने बराच विचार केला आणि पत्ते टाकले. हा ब्लफ चालला, कारण समोर विचार करणारा, भीती वाटू शकणारा व्यावसायिक खेळाडू होता. तुमच्या पंजीवाल्याने फारहाच्या जागी बसून अर्ध्या सेकंदात कॉल मारला असता आणि मनीमेकर तो डाव हरला असता.

पंजीवाला 'माझ्याकडे जोडी आहे' एवढाच विचार करतो. तुमच्या तीन बेटांमधून तुम्ही कोणती गोष्ट रचलीत, हे तो वाचतच नाही. अशा माणसाला ब्लफ करणं म्हणजे बहिऱ्यापुढे गाणं, आणि तिकीटही आपणच काढायचं. पुढचे काही महिने एक साधा नियम पाळा : ज्याला तुम्ही दोनदा हलक्या पत्त्यांवर कॉल मारताना पाहिलंय, त्याच्यावर रिव्हरला ब्लफ नाही. कधीच नाही. फ्लॉपवर एकटाच समोर असेल, त्याने चेक केलं असेल (पैसे न लावता डाव पुढे सोडला असेल) आणि टेबलावर सुटी, बेजोड पानं असतील, तर छोटी बेट लावून पॉट उचलायचा प्रयत्न जरूर करा. पण त्याने कॉल मारला आणि तुमच्याकडे काही नाही, तर थांबा.

याच नियमाची दुसरी बाजू नवे खेळाडू विसरतात, आणि पैसा खरं तर तिथेच आहे. जो पंजीच्या जोडीवर कॉल मारतो, तो तुमच्या एक्क्यांच्या जोडीवरही पंजी घेऊनच कॉल मारतो. तेव्हा चांगले पत्ते आले की लावा, आणि मोठं लावा. टर्नलाही लावा, रिव्हरलाही लावा. 'आता घाबरून जाईल' ही भीती मनातून काढा. तो घाबरणारा असता तर तुम्ही मला हे पत्र लिहिलंच नसतं.

आता राजांचा डाव. गिऱ्हाईक पळू नये म्हणून कमीत कमी रेझ, हे तुमचं वाक्य मला फार ओळखीचं आहे. दोन राजे एका अनोळखी हाताविरुद्ध साधारण ८२ टक्के जिंकतात, चौघांविरुद्ध जेमतेम ५०. यावर सगळे शिक्षक म्हणतात, बघा, गर्दी किती वाईट. पण जरा हिशेब करा : पाच जणांत एक वाटा टाकून अर्धा पॉट मिळत असेल, तर तो तोटा कुठे? गर्दीपेक्षा मोठी गोष्ट ही की पॉट लहान राहिला. जे चौघे दोन ब्लाइंडच्या (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम; मोठ्या, म्हणजे बिग ब्लाइंडमध्ये सगळं मोजतात) रेझवर आले, त्यांतले निदान दोघे चार ब्लाइंडवरही आले असते. खालच्या टेबलावर लोक रेझचा आकडा फारसा बघत नाहीत, स्वतःचे पत्ते बघतात. मग आकडा मोठा का नको?

आणि फ्लॉपवरचा तो पाव पॉट. दोन बदामांच्या फ्लॉपवर ज्याच्या हातात आणखी दोन बदाम आहेत, त्याला नऊ पानं हवी असतात. पुढच्याच पानावर ती लागण्याची शक्यता ४७ मध्ये ९, म्हणजे १९ टक्के. तुम्ही पाव पॉट लावलात की त्याला दीड पॉट जिंकण्यासाठी नव्हे, सव्वा पॉट जिंकण्यासाठी पाव भरायचा असतो. त्यासाठी त्याला सुमारे १७ टक्के पुरतात. म्हणजे तुम्ही त्याला बरोबर भावात माल दिलात. अर्धा पॉट लावला असतात तर त्याला २५ टक्के लागले असते आणि त्याचा तो कॉल महाग पडला असता. पुढे फ्लश लागल्यावर तुमच्याकडून आणखी किती काढता येईल, याचा हिशेब त्यात वेगळा मिळवावा लागतो, म्हणून अशा ओल्या (पुढे फ्लश वगैरे लागू शकेल अशा) फ्लॉपवर मी दोनतृतीयांशाच्या आसपास लावतो. तुम्ही लिहिता की शक्यतांचं गणित येतं. येतं, यात शंका नाही. पण ते तुम्ही स्वतःच्या ड्रॉसाठी, म्हणजे पुढच्या पानाची वाट बघणाऱ्या हातासाठी वापरता. समोरच्याला आपण काय भाव देतोय, हे मोजायला तेच गणित वापरायचं असतं.

एक कबुली मात्र देतो. त्या विशिष्ट डावात तुम्ही सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे केलं असतं, तरी अठ्ठी-सत्तीवाला फ्लॉपवरच दोन जोड्या घेऊन बसला होता. कदाचित तुम्ही जास्तच हरला असता. दोन वेगळी पानं हातात असताना दोन्ही जुळून फ्लॉपला दोन जोड्या होणं साधारण पन्नासात एकदा घडतं. ती एक वेळ तुमच्या वाट्याला आली. उरलेल्या ४९ वेळा तो जे पैसे भरेल, त्यांच्यासाठी मोठी बेट लावायची.

पहिल्या डावाबद्दल तुम्ही एका वाक्यात उरकलंत आणि माझ्या मते नऊ बाय-इनपैकी सगळ्यात मोठा वाटा अशाच डावांत गेला असणार. तो एक्का-नव्वीचा कॉल. पहिल्या खुर्चीवरून रेझ करणाऱ्याच्या मागे पाच जण बोलायचे बाकी असतात, म्हणून बरा खेळाडू तिथून फक्त वरचे पंधरा-वीस टक्के हात खेळतो. त्यात एक्का असेल तर सोबत राजा, राणी, गुलाम असतात. एक्का-राणीविरुद्ध एक्का-नव्वी साधारण चारात एकदा जिंकते. आणि ती हरते कशी ते पाहा : एक्का आला नाही तर तुम्ही थोडं हरता, एक्का आला तर तुम्ही सगळं हरता. म्हणजे हवं ते पान येणं हेच संकट. अशा पत्त्यांवर पहिल्या खुर्चीची रेझ आली की पत्ते टाकायचे आणि चहा प्यायचा, हा माझा पक्का नियम आहे.

तेच एक्का-नव्वी बटणावर (पत्ते वाटणाऱ्याच्या जागी), सगळ्यांनी पत्ते टाकलेले असताना आले, तर रेझ करा, न डगमगता. पत्ते तेच, खुर्ची वेगळी. बटणावरचा फ्लॉपपासून शेवटपर्यंत सगळ्यांच्या नंतर बोलतो, म्हणजे समोरच्याने काय केलं ते बघून निर्णय घेतो. सहा जणांच्या टेबलावर मी पहिल्या खुर्चीवरून सहा-सात डावांत एकदा खेळतो आणि बटणावरून पाचातले दोन. तुमचा शंभरात ३८ हा आकडा मला सांगतो की तुमच्यासाठी सगळ्या खुर्च्या सारख्या आहेत. आणि ३८ मध्ये रेझ फक्त ९, म्हणजे उरलेले २९ वेळा तुम्ही दुसऱ्याच्या मागे नुसते पैसे भरत आत गेलात. हा पंजीवाल्याचाच आकडा आहे हो. वाईट वाटून घेऊ नका. सहा जणांच्या टेबलावर जिंकणाऱ्या बहुतेकांचा आकडा बावीस-पंचवीसच्या घरात असतो आणि त्यात रेझ अठरा-वीस. खेळायला लायक असेल तर रेझ, नसेल तर फोल्ड, मधला कॉल अगदी विचारपूर्वक, असा त्याचा सरळ अर्थ.

स्मॉल ब्लाइंडवर (बटणाच्या लगेच डावीकडे, अर्धा ब्लाइंड भरणाऱ्या खुर्चीवर) तर हात आखडताच ठेवा. मी एकदा माझे जुने डाव खुर्चीनुसार वेगळे काढले. 'अर्धे तर आधीच भरलेत' म्हणत तिथून जे जे खेळलो होतो, त्याने बटणावरची जवळजवळ सगळी कमाई खाल्ली होती. ब्लाइंडवर जिंकणारेसुद्धा थोडे हरतातच. कमी हरायचं, एवढंच तिथलं काम.

आणि रेक विसरू नका. पुष्कळ ठिकाणी पॉटचे पाच टक्के, एका कमाल मर्यादेपर्यंत, साइट काढून घेते. लहान रकमेच्या टेबलावर ती मर्यादा क्वचितच गाठली जाते, म्हणून तिथे तुलनेने जास्त कापलं जातं. पण फ्लॉपच पडला नाही तर बहुतेक साइट काहीच कापत नाहीत. तेव्हा नुसत्या कॉलने लहान लहान पॉटमध्ये शिरणारा माणूस बरोबरीच्या लोकांत खेळूनही हळूहळू रिकामा होतो. तुमच्या नऊ बाय-इनमधले काही विरोधकांकडे गेलेच नाहीत, साइटकडे गेले.

आता तुमचे प्रश्न. पत्ते पिसण्यात गडबड? तुमच्या वर्णनात मला तसं काही दिसत नाही. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात, म्हणजे १४,००० डावांत तुम्हाला ते साठेक वेळा आले असणार. किती आठवतात? जे हरले ते. समोरच्या लहान जोडीविरुद्ध सगळे पैसे आत गेले, तरी एक्के साधारण पाचात एकदा हरतात. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, इथे दोन टेबलं उघडली की त्याच्या चार-पाच पट. दुःखही त्याच वेगाने येतं.

किती वेळ लागेल, याचं उत्तर तुमच्या आकड्यातच आहे, पण तुम्हाला वाटतं तसं नाही. नऊ बाय-इन म्हणजे ९०० बिग ब्लाइंड, १४,००० डावांत. शंभर डावांमागे सुमारे साडेसहा ब्लाइंड तोटा. वाईट दिसतं. पण सहा जणांच्या नो-लिमिटमध्ये शंभर डावांचा निकाल सहज नव्वद-एक ब्लाइंड इकडेतिकडे हलतो. तुमच्याइतक्या डावांनंतरही खरा आकडा उणे बावीस ते अधिक नऊ यांत कुठेही असू शकतो. म्हणजे तुमचा गल्ला तुमच्या खेळाबद्दल फार थोडं सांगतो. २०१५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या क्लॉडिको या प्रोग्रॅमविरुद्ध चार व्यावसायिक ८०,००० डाव खेळले, एकूण आघाडी माणसांची राहिली, तरी संशोधकांनी संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती बरोबरीच मानली. २०१७ मध्ये त्याच विद्यापीठाचा लिब्राटस उतरला तेव्हा १,२०,००० डाव ठेवले गेले आणि त्याने शंभर डावांमागे १४.७ ब्लाइंडने हरवलं, तेव्हा कुठे वाद मिटला. तिथे हे लागतं, तर आपण आठवड्याचा गल्ला बघून काय ठरवणार?

म्हणून पुढचे २०,००० डाव पैशांचा आलेख बंद ठेवा. त्याऐवजी रोज खेळ संपल्यावर (मध्ये नाही, तेव्हा डोकं तापलेलं असतं) पाच डाव उघडा : मोठे हरलेले दोन, मोठे जिंकलेले दोन आणि एक, ज्यात निर्णय घेताना तुम्ही अडलात. जिंकलेले मुद्दाम सांगतोय. माझ्या सगळ्यात बिनडोक चुका तिथे सापडल्या, कारण पैसे आले म्हणून कधी उघडूनच पाहिलं नव्हतं. प्रत्येक डावात समोरच्याचे पत्ते झाका आणि लिहा : तो कोणत्या पत्त्यांनी असं करेल? उत्तरात एकच हात आला तर पुन्हा लिहा. एक्का-राजा सोळा प्रकारे येऊ शकतो, दोन एक्के फक्त सहा. हे मोजायची सवय लागली की 'त्याच्याकडे एक्केच असणार' ही भीती निम्मी होते.

अर्थात एका ठिकाणी भीती बाळगाच. दिवसभर नुसता चेक आणि कॉल करणारा गरीब स्वभावाचा माणूस रिव्हरला अचानक रेझ करतो, तेव्हा तुमची एकच जोडी असेल तर टाका. खालच्या टेबलांवर ही रेझ ब्लफ क्वचितच असते. 'बघू तरी काय आहे' म्हणून भरलेले ते पैसे महिनाअखेरीस मोजा, डोळे उघडतील. सॉल्व्हरच्या (निर्दोष खेळ काढून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मागे तूर्त लागू नका. चुका न करणाऱ्या विरोधकासमोर कसं टिकायचं, हे तो शिकवतो, आणि तुमच्या टेबलावर असा विरोधक बसलेला नाही.

वरची पातळी? नाही. जो खाली कॉल मारणाऱ्यांकडून पैसे काढू शकत नाही, त्याच्याकडून वर रेझला मान देणारेच पैसे काढतात. वरच्या पातळीचे तीस बाय-इन हाताशी जमले आणि या पत्रात सांगितलेल्या सवयी बसल्या, की जाऊन बघा. पंचवीसवर आलात तर निमूट खाली या. त्यात कमीपणा नाही. एका बैठकीत तीन बाय-इन गेले की उठा. चौथा बाय-इन तुम्ही खेळत नसता, तुमचा राग खेळत असतो.

कमाईबद्दलही स्पष्ट बोलू. शंभर डावांमागे पाच ब्लाइंड म्हणजे उत्तम निकाल, आणि दोन टेबलांवर तासाला दीडशे डाव धरले तर तासाला साडेसात ब्लाइंड होतात. सगळ्यात खालच्या पातळीवर याने घर चालत नाही. कायद्याची परवानगी असेल तिथेच, गेले तरी चालतील अशाच पैशांनी खेळा. उधारी करावीशी वाटली, घरच्यांपासून आकडा लपवावासा वाटला किंवा गेलेले आजच परत मिळवायचे म्हणून झोप मोडली, तर पोकरचा सल्ला बाजूला ठेवून खातं बंद करा आणि समुपदेशकाशी बोला. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे न सांगता पत्र पाठवत नाही.

आज रात्री खेळणार असाल तर एवढंच करा. तो पंजीवाला कुठे बसलाय ते शोधा आणि त्याच्या नावापुढे टीप लिहा. त्याच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी असेल तर तिथे बसा, म्हणजे बहुतेक वेळा तो आधी बोलेल आणि तुम्ही नंतर. आणि यावेळी पॉटमध्ये शिराल तेव्हा पंजीपेक्षा मोठी जोडी हातात असू द्या.